पहिल्या रांगेतले पाहुणे

माझ्या नवऱ्याला हळू बोलता येत नाही. त्याचं तारुण्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, आणि तिथे शेजारच्या माणसाकडे पाना मागायचा तरी बोंब मारावी लागते. पुढे आम्ही सिंगापूरला आलो, तो तुआसच्या एका यार्डात जहाजदुरुस्तीवर लागला, पण आवाज तसाच राहिला. अशा माणसाला आमच्या मंडळाने गणपतीच्या नाटकात प्रॉम्प्टर केलं. कारण काय, तर शिफ्टमुळे त्याला तालमींना येता येत नाही, आणि प्रॉम्प्टरला काय, विंगेत उभं राहून वाचायचंच तर असतं.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही क्लेमेंटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो आणि मुलगी नुकतीच पहिलीत गेली होती. मंडळ म्हणजे पंचवीस-तीस कुटुंबं, पण गणपतीच्या नाटकाला ओळखीपाळखीचे सगळे येत आणि सभागृह भरून जाई. तोवर दरवर्षी आम्ही एखादा फार्स करायचो. दारामागे लपलेली बायको, चुकीच्या खोलीत शिरलेला मामा, असलं काहीतरी. त्या वर्षी आमच्या दिग्दर्शकाच्या डोक्यात आलं की यंदा जड नाटक करायचं. हे गृहस्थ पुण्याचे, बँकेत कॉम्प्युटरवर काम करायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणून स्वतःच नाटक लिहिलं.

नाटक अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावात घडत होतं. काळ जुना, म्हणजे काळ्यांची बाकं वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी होती तो. एक काळा चांभार गावच्या गोऱ्या जमीनदाराचे बूट शिवतो, पण ते द्यायला त्याला पुढच्या दाराने आत जाता येत नाही, अशी गोष्ट. वाचून झाल्यावर मी भाऊजींना म्हटलं, "वेगळी बाकं बघायला अमेरिकेला कशाला जायचं? माझ्या आजोळी काही माणसांसाठी कपबशी गोठ्यात वेगळी ठेवलेली असायची. ते लिहा की." भाऊजींनी आवाज खाली आणला. "वहिनी, ते नको. मंडळात सगळ्या प्रकारची माणसं आहेत. उगाच कुणी दुखावलं जाईल." अमेरिकेतली माणसं आमच्या मंडळात नव्हती, त्यामुळे त्यांच्याबद्दल काहीही लिहायला हरकत नव्हती.

त्या नाटकात एक शब्द होता. अमेरिकेतले गोरे लोक काळ्या माणसाला ज्या शब्दाने हाक मारत, तो शब्द. मी तो इथेही लिहिणार नाही. भाऊजींनी बाकी सगळं नाटक मराठीत लिहिलं होतं आणि तो एक शब्द तेवढा इंग्रजीत ठेवला होता. मराठीत त्याला धार येत नाही, असं त्यांचं म्हणणं. जमीनदार रंगमंचावर येतो तोच दारात उभा राहून हा शब्द ओरडतो. पुढेमागे काही नाही, फक्त तो शब्द. तो ऐकला की चांभाराच्या हातातला बूट खाली पडायचा. भाऊजींनी ही जागा तालमीत इतक्या वेळा करून घेतली होती की बुटाची टाच निघाली.

पात्रांची निवडही बघण्यासारखी होती. चांभार झालेला मुलगा गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा. त्याला खोबरेल तेलात काजळी कालवून फासायची. जमीनदार झाले ते आमचे एक अकाउंटंट. रंगाने मंडळात सगळ्यांत सावळे, पण आवाज खणखणीत, म्हणून त्यांना पावडर थापून गोरं करायचं. यात काही गंमत आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. अकाउंटंट मात्र त्या शब्दाच्या जागी तालमीतही जरा अडखळायचे. त्यांना शाळेत पोरं काय म्हणून हाक मारत असतील ते विचारायची गरज नव्हती. आपल्याकडे ते सगळ्यांना माहीत असतं.

नवरा घरी संहिता मोठ्याने वाचायचा. एक दिवस मुलगी बाहुलीला आंघोळ घालताना तिला त्या शब्दाने हाक मारत होती, ते मी ऐकलं आणि हातातली कढई खाली ठेवली. तिच्या वर्गात चिनी, मलाय, तमिळ अशी सगळी मुलं. कुणाला ती असं म्हणाली तर? तो शब्द पुन्हा म्हणायचा नाही, असं मी तिला दटावलं. "बट पप्पा ऑल्सो से, लाह," ती तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. त्या दिवसापासून नवरा संहिता घेऊन इमारतीखालच्या मोकळ्या जागेत जाऊन वाचू लागला. तिथे म्हातारे चिनी लोक पट खेळत बसलेले असत. मी वरून खिडकीतून ऐकत उभी राहायचे, आवाज कुठवर जातोय ते बघत.

इथवर माझी भीती आटोक्यात होती. मग मंडळाला प्रमुख पाहुणे हवे होते.

आपल्याकडे प्रमुख पाहुण्यांशिवाय नारळ फुटत नाही. आणि पाहुणा जेवढा मोठा तेवढं मंडळ मोठं. भाऊजींना एकदम सुचलं. माझ्या नवऱ्याच्या यार्डाचे मोठे साहेब अमेरिकन होते आणि काळे होते. साठीला आलेले, दक्षिणेतल्याच कुठल्याशा गावातले, खूप उंच, आणि बोलणं इतकं हळू की माझ्या नवऱ्याला त्यांच्यासमोर कान देऊन उभं राहावं लागे. "त्यांच्याच लोकांचं नाटक आहे, वहिनी! त्यांना किती आनंद होईल!" भाऊजी खरंच मनापासून बोलत होते. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. नवऱ्याने आमंत्रण नेऊन दिलं आणि साहेब लगेच हो म्हणाले.

आता हे नुसतं लाजेचं प्रकरण नव्हतं. त्या वर्षी यार्डात कामं कमी झाली होती. माझ्या नवऱ्याच्या बरोबरीच्या दोन सुपरवायझरांचे पास, म्हणजे इथे राहून काम करायचे परवाने, वाढवले नव्हते. त्यातलं एक कुटुंब पासिर रिसला राहायचं. त्यांना पोरांची शाळा अर्धवट सोडून, फ्रिज आणि पलंग शेजाऱ्यांना देऊन परत जावं लागलं होतं. आमचा पास त्याच महिन्यात संपत होता आणि तो वाढवायचा की नाही, हे साहेबांच्या शिफारशीवर होतं. मुंबईत ज्या कंपनीतून नवरा आला ती बंद पडली होती. परत जायचं तर कुठे, हे आम्ही एकमेकांना विचारायचंच टाळत होतो. आणि ज्या माणसाच्या हातात आमचं सगळं घर होतं, त्याला आम्ही त्या शब्दाचं नाटक दाखवायला बोलावलं होतं.

त्यात भर म्हणजे, त्यांच्या शेजारी बसून कानात इंग्रजीतून गोष्ट सांगायचं काम माझ्यावर आलं. मंडळात माझं इंग्रजी बरं समजत. त्या दिवशी भाजी चिरता चिरता माझ्या लक्षात आलं, की अख्खं नाटक मराठीत आहे आणि साहेबांना त्यातला फक्त एकच शब्द कुणी न सांगता कळणार आहे. माझी पाचावर धारण बसली. मी विळी तशीच टाकून उठले आणि भाऊजींना फोन लावला.

"तो शब्द काढा," मी म्हटलं.

"वहिनी, शब्द काढला तर जमीनदार सज्जन वाटेल. त्या काळी ते लोक असंच बोलायचे. आपण काळ खोटा दाखवायचा का?"

आजही वाटतं, भाऊजी चुकीचं बोलत नव्हते. मी म्हटलं, "मग काळ खरा दाखवा, पण पाहुणे दुसरे बोलवा." तर म्हणाले, निमंत्रणपत्रिका छापून झाल्या.

नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला. "तू त्यांना आधीच सांगून टाक," तो म्हणाला. मी काय सांगायचं ते मात्र त्याने सांगितलं नाही. नाटकाच्या दिवसापर्यंत मी देव पाण्यात घालून बसले होते. मुलीच्या शाळेचा गणवेश इस्त्री करताना वाटायचं, आता हा किती दिवस लागणार आहे कोण जाणे.

नाटक रविवारी दुपारी होतं. साहेब वेळेआधी आले, एकटेच, टाय लावून. मी फाटकाशी उभी होते. मी धीर करून म्हटलं, "सर, नाटकात एक शब्द आहे."

"नाटक कुठल्या काळातलं आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"आणि कुठलं?"

"दक्षिणेतलं."

"मग असणारच," ते म्हणाले आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

आत रिवाजाप्रमाणे त्यांना मेकअपच्या खोलीत नेलं. तिथे नटराजाची पूजा मांडली होती. काजळी फासलेला चांभार पुढे झाला आणि त्याने वाकून नमस्कार केला. साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग ते म्हणाले, "कानामागे लावायचं राहिलंय." तो मुलगा बिचारा थँक्यू म्हणाला. पलीकडे अकाउंटंट पावडर थापून उभे होते. त्यांचा हात हातात घेऊन साहेबांनी विचारलं, घरी मुलं काय करतात, तुम्ही इथे किती वर्षं आहात. अकाउंटंट उत्तरं देत होते, पण नजर खाली होती. हात सोडला तेव्हा साहेबांच्या तळव्याला पावडर लागली होती. ती त्यांनी रुमालाने पुसली, नारळ फोडला, आणि आम्ही पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

पहिला प्रवेश बरा गेला. मी कानात सांगत होते, हा चांभार, ही त्याची बायको, हे बूट जमीनदाराचे. साहेब मान डोलवत होते. मग जमीनदाराची एंट्री आली.

अकाउंटंट दारात येऊन उभे राहिले. छाती काढली, तोंड उघडलं, आणि त्यांची नजर पहिल्या रांगेवर गेली. त्यांनी तोंड मिटलं. चांभार हातात बूट धरून वाट बघत होता, शब्द आल्याशिवाय त्याला तो टाकता येत नव्हता. ते विसरलेले नाहीत, हे मला पक्कं कळलं. त्यांच्या तोंडून तो शब्द निघत नव्हता. त्या क्षणी उठून त्या माणसाच्या पाया पडावंसं मला वाटलं.

पण विंगेतून पहिली रांग दिसत नाही.

माझ्या नवऱ्याला एवढंच दिसत होतं, की नट वाक्य विसरलाय. त्याने आपलं काम केलं. तो शब्द त्याने हळूच सांगितला, म्हणजे त्याच्या मते हळूच. अकाउंटंट हलले नाहीत. त्याने पुन्हा सांगितला, जरा जोरात. तरी काही नाही. मग तिसऱ्यांदा माझ्या नवऱ्याने तो शब्द असा ठणकावला, की मागच्या रांगेतली पेंगणारी पोरं जागी झाली.

आणि सभागृह हसलं. खदखदून हसलं. मराठी प्रेक्षकाला नाटकात दुसरं काही आवडो न आवडो, प्रॉम्प्टरचा आवाज बाहेर आला की तो हसणारच. लहानपणापासून मीही हसत आले आहे. टाळ्या पडल्या, कुणीतरी मागून "वन्स मोअर" ओरडलं.

साहेबांनी मान वळवून मागे पाहिलं. ते हसणाऱ्या माणसांकडे आणि त्यांच्याही मागे दाराकडे बघत होते. मला वाटलं, आता उठून जाणार. संपलं. पास, घर, शाळा, सगळं संपलं. मग ते माझ्याकडे वळले आणि त्याच हळू आवाजात विचारलं, "ते का हसले?"

मला काहीही सांगता आलं असतं. विनोद होता म्हणाले असते, कळलं नाही म्हणाले असते. आवाज कुणाचा ते त्यांनी ओळखलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी गप्प राहिले असते तर माझा नवरा विंगेतल्या अंधारात सुखरूप राहिला असता. पण मग या माणसाने काय समजायचं? भरलेल्या सभागृहात कुणीतरी तो शब्द ओरडतं आणि सगळे पोट धरून हसतात, याचा दुसरा काय अर्थ लावायचा त्याने?

"सर, तो माझा नवरा आहे," मी म्हटलं. टाळ्यांत ते ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हटलं. "आत माझा नवरा आहे. नट वाक्य विसरला तर सांगायचं, हे त्याचं काम. त्या नटाला तुमच्यासमोर तो शब्द म्हणवला नाही. नवऱ्याला वाटलं, तो विसरलाय. लोक माझ्या नवऱ्याला हसताहेत. आमच्याकडे असं हसतात."

ते विंगेकडे बघत राहिले. स्टेजवर अकाउंटंटनी नुसतं "ए" म्हटलं, बूट पडला आणि नाटक पुढे सरकलं.

"मी लहान असताना आम्हा काळ्यांना सिनेमाच्या थिएटरात वेगळं, वर कोपऱ्यात बसवायचे," थोड्या वेळाने साहेब म्हणाले. "खालचे गोरे लोक हसले की मी आईला विचारायचो, का हसले. ती म्हणायची, पडद्याकडे बघ."

एवढं बोलून त्यांनी समोर पाहिलं. मी पुन्हा कानात सांगायला लागले, पण काय सांगितलं ते मला आठवत नाही. अकाउंटंटनी उरलेल्या नाटकात तो शब्द एकदाही उच्चारला नाही. भाऊजी विंगेत कपाळाला हात लावून बसले होते, असं नंतर कळलं.

शेवटी शाल-श्रीफळ झालं आणि पाहुण्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मी शेजारी माइक धरून, भाषांतराला. साहेब म्हणाले, "मला पहिल्या रांगेत बसवलंत, त्याबद्दल आभार." मी ते मराठीत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकदाचं घोडं गंगेत न्हालं म्हणून भाऊजींनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

साहेब गेल्यावर मी मागे गेले. नवरा घामाने निथळत होता आणि खुशीत होता. "आज मी नाटक वाचवलं," तो म्हणाला. "तो साफ ब्लँक झाला होता!"

मी त्याला काय झालं ते सांगितलं. त्याचं नाव मी घेतलं, हेही सांगितलं. तो खुर्चीवर बसला. रागावला नाही. फक्त विचारलं, "तिसऱ्यांदा म्हटलं ते खूप मोठ्याने होतं का?"

मी म्हटलं, "हो."

त्या संध्याकाळी घरी आम्ही सूटकेस कुठे ठेवल्यात त्याबद्दल बोललो. मुलगी झोपल्यावर तो म्हणाला, उद्या जाऊन माफी मागतो, पुढे जे होईल ते होईल. सोमवारी तो नेहमीच्या बसने तुआसला गेला आणि मी फोनजवळ बसून राहिले. धुणं तसंच पडलं होतं. शेवटी फोन वाजला.

"साहेबांनी शिफारस शुक्रवारीच पाठवली होती," नवरा म्हणाला. पहिल्यांदाच तो माझ्याशी इतकं हळू बोलत होता. "मी माफी मागत होतो, तर मला थांबवून म्हणाले, तुझं काम शुक्रवारीच झालंय, दोन वर्षांची काळजी नको. अगं, आपण सुटलो."

मी देवापुढे साखर ठेवली. रडले. मग धुणं वाळत घातलं, आणि घालता घालता हात थांबला. शुक्रवारी काम झालं होतं, म्हणजे रविवारी ते आमचं भवितव्य खिशात घालून आले नव्हतेच. टाय लावून, वेळेआधी, नुसते नाटक बघायला आले होते. आणि लोक हसले तेव्हा त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते रागावून निघून जाणार. निघून जाणारा माणूस उठतो. ते उठले नव्हते, त्यांनी फक्त, वेळ पडलीच तर बाहेर निसटायला, दार कुठे आहे ते बघून ठेवलं होतं. मग सगळ्यात जवळ बसलेल्या बाईला विचारलं होतं, ते का हसले.

मी तेव्हापर्यंत समजत होते, की त्या सभागृहात सगळ्यांत घाबरलेली मीच आहे.